नागलीचे पापड आणि वरचं आभाळ

बेंगळुरू, २४ फेब्रुवारी २००३

मालनमावशी,

सुखरूप पोचलो. तू दिलेला लाडवांचा डबा मात्र सोलापूरपर्यंतच टिकला, आणि त्यातही माझ्या वाट्याला चारच लाडू आले. समोरच्या बाकावरच्या कुटुंबाने 'मावशीच्या हातचे का?' असं इतकं भाबडेपणाने विचारलं की डबा पुढे करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

गेल्या आठवड्यात तुझ्या गच्चीवर तो पांढरा घुमट बसवला, पण घाईत नीट सांगायचं राहून गेलं. शेजारच्या आक्काबाई त्याला तुळशीवृंदावन समजल्या, त्यांना काय सांगायचं ते लिहितो. काकांनाही वाचून दाखव, कारण हे त्यांच्याच खात्यातलं आहे.

आपल्या डोक्यावर तीन-चारशे किलोमीटरवर हवा इतकी विरळ आहे की तिला हवा म्हणायलाही लाज वाटावी. उन्हाने तिथे विद्युतभार तयार होतो, कधी दाट, कधी पातळ. त्याच्याही कितीतरी वर उपग्रह फिरतात. प्रत्येक उपग्रह एकाच क्षणी दोन वेगवेगळ्या लहरी खाली सोडतो. आता समज, मुंबईहून एकाच वेळी एसटीची एक जलद एशियाड आणि एक साधा लाल डबा सुटला. कसाऱ्याचा घाट मोकळा असला तर दोन्ही गाड्या जवळपास बरोबर येतात. घाटात गर्दी असली तर लाल डबा जास्त रखडतो. काका नाशिकच्या सीबीएस स्टँडवर कंट्रोलर असताना घाट न बघता नुसत्या दोन गाड्यांच्या उशिरावरून सांगायचे ना, 'आज घाट भरलाय' म्हणून? आपला घुमट तेच करतो. घाट म्हणजे वरचं आभाळ. उद्या विमानं उपग्रहांच्या भरवशावर उतरवायची तर त्या घाटाची खबर मिनिटामिनिटाला लागते.

माझ्या पीएचडीच्या गाइड मॅडमना हे यंत्र एखाद्या कॉलेजात हवं होतं. मी म्हणालो, कॉलेजला सुट्ट्या असतात, माझ्या मावशीला नसतात. माझ्या शब्दावर त्यांनी ऐकलं. माझी पीएचडी सगळी तुझ्या गच्चीवर उभी आहे, एवढं ध्यानात ठेव.

नियम एकच. घुमटाच्या आसपास दहा मीटर धातूचं काहीही ठेवायचं नाही. कारण लांबलचक आहे, विचारू नकोस. तुझ्या हुशार लेकीला, वैष्णवीला, दाखवलंच आहे, तिने महिन्याची सीडी काढायची आणि तू सोबत पत्र टाकून स्पीडपोस्ट करायची.

तुझा,
शेखर


म्हसरूळ, नाशिक, १८ मार्च २००३

शेखरबाळा,

आशीर्वाद आहेतच, ते काही दर पत्रात नव्याने काढावे लागत नाहीत. सीडी पाठवते आहे. वैष्णवीने तिच्यावर कुंकवाचं बोट लावायचं म्हटलं, मी हात धरला. म्हटलं, यंत्राच्या पोटात जायची आहे ती.

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. एशियाड आणि लाल डबा ऐकून माणूस जो फुलला! रिटायर झाल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून दाढी करून बसला. आता रोज सकाळी वर मान करून 'आज घाट कसा आहे?' विचारतात. मी म्हणते, मला काय विचारता, मी काय लाल डबा आहे?

इकडे माझी धांदल विचारू नकोस. सिंहस्थ तोंडावर आला. पंचवटीतल्या एका अन्नछत्राने साडेतीनशे किलो नागलीचे, म्हणजे पुस्तकातल्या नाचणीचे, पापड सांगितलेत, जुलैच्या आत हवेत. दहा वर्षं पापड करते, पण एवढं काम पहिल्यांदाच आलं. हरसूलकडच्या ठमाबाई माझ्याकडे नागली घालतात हे तुला माहीत आहे. या खेपेला त्या आपल्या वाडीवरच्या पाच बायका घेऊनच आल्या आहेत. मागच्या खोलीत राहतात, पहाटेपासून लाट्या करतात आणि मला म्हणतात, 'बाई, तुमी निसतं बसा, तुमच्या हातानं पापड जाड होतो.' दहा वर्षांत हे मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

तुझ्या घुमटाला कुणी बोटसुद्धा लावत नाही, निर्धास्त राहा. आणि पापड कुठे वाळवतो वगैरे तू काळजी करू नकोस. नाशिकला उन्हाचा तोटा आहे होय?

मालनमावशी


बेंगळुरू, २१ एप्रिल २००३

मावशी, मावशी, मावशी!

खुर्चीत बसवत नाहीये. तुझ्या दोन्ही सीड्या मी पाच वेळा तपासल्या, आणि आता खात्रीने सांगतो, नाशिकच्या वरच्या आभाळात काहीतरी आहे जे आणखी कुठेच नाही!

मार्चच्या दहा तारखेपासून रोज सकाळी साडेनऊ-दहाला मोजमाप थरथरायला लागतं. अगदी बारीक थरथर, पण स्पष्ट. दुपारभर चालते आणि चार-साडेचारला एकदम थांबते. बेंगळुरूला नाही, भोपाळला नाही, मुंबईलाही नाही. फक्त नाशिकला! आणि खरी गंमत पुढे आहे. ऊन कडक तितकी थरथर पक्की. सात आणि आठ एप्रिलला तुमच्याकडे अवकाळी ढग आले होते, वेधशाळेकडून मी खातरजमा केली, त्या दोन्ही दिवशी थरथर नाही म्हणजे नाही.

मॅडम सहसा हसत नाहीत. परवा आलेख बघून त्यांनी चष्मा काढून पुसला. आमच्याकडे ते पेढे वाटण्यासारखंच आहे. जुलैत इथे परिषद आहे, परदेशातलेही लोक येणार आहेत. मी निबंधाचा गोषवारा पाठवतोय. लॅबमध्ये त्याला 'नाशिक थरथर' असं नावही पडलं.

आईला अजून सांगितलं नाही. तुला पहिल्यांदा.

शेखर


म्हसरूळ, १२ मे २००३

शेखर,

तुझं पत्र आलं तेव्हा मी पिठात होते. तसेच हात पुसून वाचलं आणि डोळ्याला पाणी आलं. आपल्या घराण्यात आजवर कुणी काही शोधलं असेल तर ते दुसऱ्याची उणीदुणी. तू आभाळातलं शोधलंस!

तुझ्या काकांनी काळाराम मंदिरापासून म्हसरूळच्या जैन मंदिरापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलंय. 'आमच्या घरावरचं आभाळ वेगळं आहे' असं म्हणतात. आक्काबाईंना राग आला. त्या म्हणाल्या, 'भिंतीला भिंत आहे, आभाळ आमच्यावरही तेच असणार.' त्यांना मी पाच पेढे जास्त दिले.

काम जोरात चालू आहे. ठमाबाईंची अक्कल काय सांगू! त्यांनी सुरुवातीलाच छापखान्यातले वापरलेले अॅल्युमिनियमचे पत्रे आणवले, अगदी आरशासारखे. त्यावर पापड घातला की खालून-वरून दोन्हीकडून ताव बसतो. दोन दिवसांचा पापड एका दिवसात खडखडीत. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तेवढी सगळ्यांना सुट्टी दिली, गावी जाऊन आल्या.

सीडी सोबत आहे. जप स्वतःला. शोध लावणाऱ्यांची पोटं बिघडतात असं ऐकलंय.

मावशी


बेंगळुरू, १६ जून २००३

मावशी,

तुमच्याकडे पाऊस सुरू झाला ना? मला तुझ्या सीडीवरूनच कळलं. अकरा जूनपासून थरथर पूर्ण बंद!

एकच दिवस मला छळत होता. चार मे. लख्ख ऊन, आणि तरी थरथर नाही. चार रात्री झोपलो नाही. शेवटी सूर्याची त्या दिवशीची छायाचित्रं काढून बघितली तर डाव्या कडेला एक नवा डाग सापडला. तोच कारणीभूत असणार, असा मी अडीच पानांचा सिद्धांत मांडला आहे. आणि ढगांबद्दल माझं म्हणणं असं की खालचे ढग वरच्या आभाळाला कुठल्यातरी अज्ञात मार्गाने स्थिर करतात. कोणता मार्ग ते अजून ठरायचंय, पण निबंधात 'अज्ञात' लिहिलं की भारदस्त वाटतं.

आठ जुलैला माझं भाषण. मॅडम पहिल्या रांगेत बसणार. मी नवा शर्ट शिवायला टाकलाय.

पत्रे कसले म्हणालीस ते घाईत नीट वाचलंच नाही. पापड झाले का सगळे?

शेखर


म्हसरूळ, २७ जून २००३

शेखर,

हे पत्र खाली बसून वाच. फोन हातात घेतला होता, दोनदा नंबर फिरवला, धीर झाला नाही.

काल आम्ही पापडांच्या पुड्या बांधत बसलो होतो. तुझं पत्र मी बायकांना मोठ्याने वाचून दाखवलं. मलाच मिरवायचं होतं. ढगांचं आलं तशी ठमाबाईंनी हातातली पुडी खाली ठेवली.

'बाई, ती वरची हवा ढगाच्या वर हाय का खाली?'

'वर. लय वर,' मी म्हटलं.

'मंग खाली ढग आला का नाय, ते तिला कोन सांगतं? आमी पावसाळ्यात गुरं घिऊन डोंगर चढतो ना, तवा ढग पायाखाली ऱ्हातो. वर निसतं ऊन. वरच्याला खालच्या ढगाचं काय बी पडलेलं नसतं. ढग बघून पळापळ व्हती ती आपल्या पापडाची.'

शेखर, आम्हा सगळ्यांना तिथेच उमगलं. वैष्णवी माझ्याकडे बघते, मी काकांकडे बघते, काका छताकडे बघतात.

मी पापड गच्चीवर वाळवले. दहा मार्चपासून. रोज साडेनऊला पत्रे वर, चार-साडेचारला खाली. चौदा पत्रे, तुझ्या त्या घुमटाच्या चारी बाजूंना. ढग आले की धावत खाली. सात-आठ एप्रिलला आम्ही काही वर नेलंच नव्हतं. आणि तो चार मे, ज्याच्यासाठी तू चार रात्री जागलास आणि सूर्याला डाग लावलास, त्या दिवशी आखाजी होती रे. बायका गावी गेल्या होत्या.

तू नियम सांगितला होतास. माझी गच्ची सगळी मिळून बारा मीटर. मी म्हटलं, दहा मीटर म्हणजे पोरगं आपलं सरकारी बोलतंय, एवढं कुणी पाळत नसतं. अंगणात बोअरचा चिखल, समोर धुळीचा रस्ता, पापड न्यायचे कुठे? आणि खरं सांगायचं तर तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. पहिल्या पत्रातच मी गोलमाल लिहिलं होतं. ते मला तेव्हाही टोचलं होतं.

आठ तारखेच्या आत हे तुझ्या हातात पडू दे म्हणून काका स्वतः हेड पोस्टात गेले आहेत. काय बोलायचं ते बोल मला. पण त्या लोकांसमोर खोटं बोलू नकोस.

मालनमावशी


बेंगळुरू, १२ जुलै २००३

मावशी,

पत्र दोन तारखेला मिळालं. दोन दिवस मी तुझ्यावर इतका चिडलो होतो की मेसमध्ये पापड वाढायला आला तर ताट घेऊन उठलो.

तिसऱ्या दिवशी मॅडमकडे गेलो. म्हटलं, भाषण मागे घेतो. त्यांनी तुझं पत्र मागितलं. मी इंग्रजीत सांगत गेलो, त्या ऐकत गेल्या. ठमाबाईंपाशी आल्यावर म्हणाल्या, 'थांब. हा प्रश्न या इमारतीत चाळीस लोकांना सुचायला हवा होता. मलासुद्धा.' मग म्हणाल्या, भाषण मागे घ्यायचं नाही. उभं राहायचं आणि जे झालं ते सांगायचं.

आणि मी सांगितलं, मावशी! नवा शर्ट घालून. उपग्रहाची लहर थेट घुमटावर येते, ती थेट गाडी. तीच लहर तुझ्या पत्र्यावर आपटून उडते आणि जरा वळसा घालून येते, ती उशिराची गाडी. घुमटाला कळेना खरी कोणती, म्हणून थरथर. नागलीचा पापड काय असतो हे एका जर्मन गृहस्थांना समजावण्यात सहा मिनिटं गेली. सभागृह हसून हसून लोळायचं बाकी होतं. आधी लाज वाटली, मग मीही हसलो. चूक माझीही आहे. नियम सांगितला, कारण सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर तू दुसरी जागा शोधली असतीस, हे मला ठाऊक आहे.

आता वाईट बातमी. परिषदेनंतर मॅडम म्हणाल्या, 'हसलो ते ठीक. पण उद्या नाशिकच्या यंत्राने खरंच काही टिपलं तर कोण विश्वास ठेवणार? सगळे म्हणणार, मावशीचे पापड.' डिसेंबरअखेर नाशिकचं केंद्र यादीतून काढायचं ठरलंय. म्हणजे माझं पीएचडीचं काम नव्याने, दुसऱ्या जागेवर. आणखी दोन वर्षं गेलीच समज.

तू मनाला लावून घेऊ नकोस. घुमट उतरवायला नाताळात येईन, तेव्हा लाडू करशील ना?

शेखर


म्हसरूळ, २ ऑगस्ट २००३

शेखर,

लाडू करीन, पण घुमट उतरवायला आलास तर एकही मिळणार नाही.

तुझं पत्र वाचून मी बायकांना म्हटलं, संपलं, आता गच्ची बंद. अन्नछत्राचा माल गेलाय, पुढचं काम नको. ठमाबाई उठून पत्रे पुसून एकावर एक रचायला लागल्या. पण मला माहीत आहे, या कामामुळे त्यांच्यापैकी चौघी यंदा द्राक्षाच्या बागांवर मजुरीला गेल्या नाहीत, पोरांची शाळाही सुटली नाही. त्यांचं बंद करून तुझं उभं करायचं, की तुझं पाडून त्यांचं? दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तुझे काका तिसऱ्या दिवशी बोलले. म्हणाले, 'मालन, गाडी लेट झाली म्हणून कुणी स्टँड बंद करत नाही. लेट का झाली ते लिहून ठेवतात. घोळ पत्र्यांनी केला नाही, लपवाछपवीने केला.' आणि उठून बाजारातून दोनशे पानी वही घेऊन आले. पट्टीने रकाने आखले. तारीख. गच्चीवर आगमन. गच्चीवरून निर्गमन. माल. नग. सही. तीस वर्षं एसटीची नोंद केलेला माणूस! आकाशवाणीच्या बातम्यांआधी वेळेचे ठोके वाजतात, त्यांवर रोज घड्याळ लावतात. कालच ठमाबाई कांबळं वाळत घालायला वर गेल्या तर काकांनी जिन्यात अडवून विचारलं, 'किती वाजता परत?' त्या म्हणाल्या, 'सुकंल तवा.' काका म्हणाले, 'असं चालायचं नाही.'

तेव्हा तुझ्या मॅडमना सांग, आजपासून गच्चीवर सुई जरी गेली तरी तिची वेळ लिहिलेली असेल. विश्वास ठेवायचा की नाही ते त्यांनी ठरवावं.

मावशी


बेंगळुरू, २० सप्टेंबर २००३

मावशी,

वहीचं मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'कल्पना चांगली आहे. पण वही तुझ्या मावशीच्या घरात, लिहिणार तुझे काका, फायदा तुझा. बाहेरचा माणूस का मानेल?' तेव्हा डिसेंबर कायम आहे.

तरी काकांना म्हणावं, लिहीत राहा. सीडीबरोबर त्यांची पानं येतात ना, ती आमच्या लॅबमध्ये माझ्या सीडीपेक्षा जास्त लोक वाचतात. 'दोन प्रहरी मांजर आगमन, निर्गमन अज्ञात' ही नोंद तर भिंतीवर लावली आहे.

शेखर


बेंगळुरू, ५ नोव्हेंबर २००३

मावशी,

दिवाळीचा फराळ पोचला, पण आज त्याच्याबद्दल लिहीत नाही. नीट वाच.

गेल्या आठवड्यात सूर्यावर प्रचंड भडका उडाला. पेपरात आलं असेल. असे भडके क्वचित होतात. भडका होताच वरचं आभाळ काही मिनिटांत उसळलं. आमच्या इतर केंद्रांनी ते टिपलं आहे, तेव्हा घटना खरी, त्यात वाद नाही. प्रश्न नाशिकचा आहे. तुझ्या सीडीतही मंगळवार, २८ ऑक्टोबरला उसळी दिसते. पण त्याच दिवशी पत्र्यांची थरथरही दिसते. मॅडमनी विचारलं, 'ही उसळी आभाळाची कशावरून? कशावरून पत्र्यांची नाही?' नाशिकचा आकडा इतरांच्या पंक्तीला बसवायचा की नाही, ते यावर ठरणार. आणि तो बसला तर केंद्र राहील, नाही तर नाही.

२८ तारखेचं पान या वेळी सीडीबरोबर आलं नाही, महिन्याची शेवटची चार पानं राहिली आहेत. ते पान जसंच्या तसं पाठव. उसळी किती वाजता आहे हे मी तुला मुद्दाम सांगत नाही. मॅडमनीच तसं बजावलंय. पाकीट मी फोडणार नाही, त्याच फोडतील. वर त्यांचंच नाव घाल.

मावशी, जे असेल ते.

शेखर


म्हसरूळ, १० नोव्हेंबर २००३

शेखर,

पाकीट मॅडमच्या नावाने वेगळं गेलं. हे तुझ्यासाठी.

तुझं पत्र वाचून मी वही उघडली आणि २८ तारखेला बघते तो काय, आमचे पत्रे वर! आवळा-सुपारी घातली होती. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते, आणखी चार दिवस दम धरला असता तर काय आभाळ कोसळणार होतं? सगळी दुपार पत्रे वर.

तुला खरं सांगते, आता खोटं सांगायची हौस फिटली आहे. अर्धा तास मी ते पान धरून बसले होते. वाटलं, एवढं एकच पान. उंदराने खाल्लं म्हणता येईल. पोराची दोन वर्षं वाचतील. वैष्णवी समोर बसली होती. ठमाबाईच म्हणाल्या, 'बाई, एक डाव लपवलं तवा काय झालं ते पाहिलं ना?'

मग पान फाडलं, पण पाकिटात घालायला. काकांची नोंद जशी होती तशी. मॅडमना चार ओळी लिहिल्या, हिंदीत, जशा जमल्या तशा. मला चूक करायची होती, केली नाही, एवढंच.

केंद्र गेलं तर गेलं. तू ये. लाडू करते.

मावशी


बेंगळुरू, १७ नोव्हेंबर २००३

मावशी, काका, वैष्णवी, ठमाबाई आणि सर्व मंडळी,

मॅडमनी पाकीट आज सकाळी सगळ्यांसमोर फोडलं. काकांचं पान टेबलावर ठेवलं. एका बाजूला इंग्रजी भाषांतर लिहायला मला बसवलं.

'मंगळवार, २८ ऑक्टोबर. आगमन १०.१०. माल आवळा-सुपारी, पत्रे नग सहा. निर्गमन ४.०५. कारण ठमाबाईंना पावणेपाचची हरसूल गाडी. यानंतर गच्ची रिकामी, दाराला कडी.'

मग मॅडमनी आलेख पडद्यावर मोठा केला. थरथर कधी सुरू झाली ते बोटाने दाखवलं. दहा वाजून दहा मिनिटं. बोट सरकवत नेलं. थरथर थांबली कधी? चार वाजून पाच मिनिटं! मिनिटाचाही फरक नाही, मावशी! त्यानंतर रेघ अशी शांत, जणू कुणी इस्त्री फिरवली. आणि उसळी? साडेचारनंतर! पत्रे खाली गेल्याला पंचवीस मिनिटं होऊन गेली होती. ठमाबाई स्टँडवर होत्या, गच्चीला कडी होती, आणि आभाळ उसळलं होतं.

मॅडमनी काकांचं पान उचलून आलेखाशेजारी धरलं. मग म्हणाल्या, 'बाहेरचा माणूस का मानेल, असं मी विचारलं होतं. याच्यासाठी मानेल. पत्र्यांनी स्वतःच साक्ष दिली की वही खरी आहे. या बाईला पान दडवता आलं असतं. दडवलं असतं तर मी हे केंद्र आजच बंद केलं असतं.' रिकामी गच्ची असती तर एवढा पुरावा मिळालाच नसता, हे त्यांचं वाक्य. मी टेबलाखाली मुठी आवळून बसलो होतो. बाहेर आल्यावर जिन्यात ओरडलो. वॉचमन धावत आला.

नाशिक केंद्र राहणार. माझं काम राहणार. आणि काकांच्या वहीचे रकाने इंग्रजीत छापून देशातल्या सगळ्या केंद्रांना पाठवायचे आदेश निघाले आहेत. 'आगमन' आणि 'निर्गमन' तेवढे मी तसेच ठेवायला लावले.

एक काम आहे. निबंधाच्या शेवटी निरीक्षकांची नावं छापतात. काकांचं आणि तुझं मी घातलं. ठमाबाईंचं पूर्ण नाव आणि गाव कळव. त्यांच्याशिवाय हा निबंध पुरा होत नाही, असं मॅडमनी स्वतः सांगितलंय.

शेखर


म्हसरूळ, २४ नोव्हेंबर २००३

शेखर,

तुझं पत्र मी वाचायला घेतलं, पण शेवटचं पान वैष्णवीला वाचायला दिलं. काकांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, 'मिनिटाचाही फरक नाही असं लिहिलंय ना? परत वाच.' चार वेळा वाचायला लावलं. मग देवघरात जाऊन बसले, कारण पुरुषमाणसाने सगळ्यांसमोर रडायचं नसतं म्हणे.

ठमाबाईंना नाव विचारलं तर आधी दचकल्या. 'का? काय गुन्हा झाला का?' म्हटलं, नाही हो, छापायचंय. ज्यांनी आभाळ मोजलं त्यांच्या नावांत तुमचं नाव घालायचंय. त्या हसल्या, विश्वासच बसेना. मग लाटणं ठेवून उठल्या आणि पदराला हात पुसत गच्चीवर गेल्या. मीही मागोमाग गेले. त्यांनी घुमटाकडे बघितलं नाही. वर बघत उभ्या राहिल्या, कपाळावर हात धरून, बराच वेळ.

'दिसत त काय नाय,' म्हणाल्या. 'पन हाय ना?'

'आहे,' मी म्हटलं. 'तुम्हीच तर ओळखलंत.'

'मंग लिवा.'

तेव्हा लिहून घे, आणि एक अक्षर चुकवू नकोस. ठमाबाई बुधा भोये. मुक्काम पाचघरची वाडी, हरसूलजवळ, जिल्हा नाशिक.

मालनमावशी